‘ला कोल्मेना’ वाचताना उधारीची वही ठेवा

स्पॅनिशची बी-२ (मध्यमच्या वरच्या पातळीची) परीक्षा झाली की पहिली मोठी कादंबरी कोणती घ्यावी, असं मला बरेच जण विचारतात. मी कामिलो होसे सेलाची ‘ला कोल्मेना’ सुचवते. कोल्मेना म्हणजे मधमाश्यांचं पोळं. पण हेही सांगते, की पहिल्या वेळी मी ती चाळीस पानांवर सोडली होती.

अडचण माणसांची होती. स्पेनचं यादवी युद्ध १९३९ला संपलं, त्यानंतरच्या माद्रिदमधले थंडीचे मोजके दिवस आणि तीनशेच्या वर पात्रं. एखादा दोन परिच्छेद बोलतो आणि मग पन्नास पानं दिसतच नाही. प्रकरणंही काळाच्या क्रमाने येत नाहीत. मी नायक शोधत राहिले, नावांचा तक्ता वाढवत राहिले आणि वाचन तिथेच अडलं.

दुसऱ्या खेपेला तक्ता सोडून उधारीची वही केली: कोण कुणाचं किती देणं लागतो. लेओनार्दो मेलेंदेस हा सुटाबुटातला गृहस्थ कॅफेतल्या बूटपॉलिशवाल्याचे सहा हजार दूरो देणं लागतो. मी आधी सहा हजार पेसेता (स्पेनचं तेव्हाचं चलन) समजून पुढे गेले होते. दूरो म्हणजे पाच पेसेता, म्हणजे तीस हजार! हे कळल्यावर, तरीही तो बूटपॉलिशवाला त्याच्यापुढे वाकतो, हे वाचताना घशात आवंढा येतो. कवी मार्तिन मार्कोकडे कॉफीचे पैसे नसतात. कॅफेची मालकीण दोन्या रोसा वेटरला सांगते, बाहेर काढ आणि लाथा घाल. वेटर त्याला फुटपाथवर सोडतो, मारत नाही, आणि आत येऊन दोन घातल्या म्हणून सांगतो. त्याच कॅफेतल्या टेबलांचे संगमरवर जुन्या थडग्यांचे आहेत; टेबलाखालून बोटं फिरवली तर आंधळ्यालाही मेलेल्यांची नावं वाचता येतील. हे वाक्य मी तीनदा वाचलं.

काही शब्द आधीच माहीत हवेत. ‘एस्त्रापेर्लो’ म्हणजे काळाबाजार. ‘कार्तिया’ म्हणजे रेशनकार्ड. स्पेनमध्ये रेशनिंग १९५२ पर्यंत होतं. ‘सेरेनो’ म्हणजे इमारतींच्या किल्ल्या बाळगणारा रात्रीचा राखणदार. बाकी शब्दांसाठी दर ओळीला थांबू नका. संवाद मोठ्याने वाचा, लय बरंच समजावते.

लेखकाबद्दलही माहीत असू द्या. सेला यादवी युद्धात, पुढे हुकूमशहा झालेल्या फ्रँकोच्या बाजूने लढला, पुढे नियतकालिकांचा सेन्सॉर होता, आणि त्याचीच ही कादंबरी स्पेनमध्ये अडवली गेली. ती १९५१ साली ब्युनोस आयर्सला छापली. १९८९ला त्याला नोबेल मिळालं. त्याच्या राजकारणाचा मला राग आहे, पण भुकेल्या माणसांकडे तो ज्या बारकाईने पाहतो ते नाकारता येत नाही.

माझ्या वहीतली सर्वांत जड नोंद बावीस पेसेतांची आहे. सेलेस्तिनो ओर्तिसच्या बारमध्ये मार्तिनची तेवढी उधारी असते. त्याच्या बहिणीकडे काम करणारी पेत्रिता मनातून त्याच्यावर जीव लावून आहे. पैसे तिच्याकडेही नाहीत. ती एकटीच त्या बारमध्ये जाते आणि ते देणं स्वतःच्या देहाने फेडते. मार्तिनला ती काही सांगत नाही. त्या पानावर अवघड शब्द जवळजवळ नाहीत. तिथे डिक्शनरी मिटून ठेवा.