फ्लू ओसरला तरी शेड जपा

थंडी पडली की विटा-खानापूर भागातल्या पोल्ट्री शेडना चारही बाजूंनी पडदे पडतात. पहाटे आत गेलात की ओल्या विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनिया वायूचा वास उभ्याने घेऊ नका, कोंबडीच्या उंचीला वाका. तुमचे डोळे चुरचुरले, तर रात्रभर तिच्या घशाचं काय झालं असेल?

घशाचंच बोलतोय, कारण फ्लूचा सगळा खेळ तिथे चालतो. श्वासनलिकेच्या पेशींवर साखरेच्या बारीक साखळ्यांची लव असते आणि बऱ्याच साखळ्यांच्या टोकाला सायलिक आम्ल असतं. विषाणू तेच टोक धरून पेशीत शिरतो. बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूच्या नावातला ‘एच’ म्हणजे टोक धरणारं प्रथिन, ‘एन’ म्हणजे ते कापणारं. नवे विषाणू बाहेर पडताना चिकटून राहू नयेत, म्हणून ‘एन’ टोकं छाटत जातं. मग खालची साखर उघडी पडते. काही जिवाणूंना तिथे चिकटायला जागा मिळते, काही तर छाटलेल्या सायलिक आम्लावरच पोसतात.

म्हणूनच एच९एन२सारख्या सौम्य फ्लूत आधी अंडी घटतात, घरघर ऐकू येते, आणि मागाहून ई. कोलाय हा जिवाणू घुसला की मर वाढते. सोललेल्या घशावर अमोनिया म्हणजे जखमेवर मीठ. पडद्याची वरची वीतभर फट रात्रीही उघडी ठेवा, वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूची. पाणी पिण्याचे गळके निपल आजच बदला. खालची ओली विष्ठा, ओलं तूस दुपारी पडदे उघडून काढा. घरघर थांबली तरी ही काळजी लगेच सोडू नका. घसा भरून यायला वेळ लागतो.

अँटिबायोटिक विषाणूला लागू पडत नाही. जिवाणूसाठी द्यायचं की नाही, ते पशुवैद्यकांना ठरवू द्या. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक तर अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना द्यायला २०१९ पासून बंदच आहे.

टोकाचं सायलिक आम्ल खालच्या साखरेला ज्या जोडाने चिकटलेलं असतं, तो पक्ष्यांच्या फ्लूला लागणारा वेगळा, माणसाच्या फ्लूला लागणारा वेगळा. डुकराच्या श्वासमार्गात दोन्ही सापडतात. डुकरं शेडच्या आसपास फिरकू देऊ नका. २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गायींना एच५एन१ झाला. त्यांच्या कासेत पक्ष्यांसारखाच जोड आढळला. त्यामुळे मेलेली कोंबडी गोठ्याकडे नेऊ नका.

जवळच्या येरळवाडी, मायणीच्या तलावांवर थंडीत स्थलांतरित पक्षी उतरतात. तलावाचं पाणी क्लोरीन टाकल्याशिवाय पाजू नका, शेडला जाळी मारा, दारात चुना टाका.

एकाएकी मर लागली, तुरा निळा पडला, डोकं सुजलं, तर कोंबडी फाडून पाहू नका, ओढ्यात किंवा उसात टाकू नका. २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हापासून अशा नमुन्यांची तपासणी भोपाळच्या प्रयोगशाळेत होते. विक्री आणि गाड्यांची ये-जा थांबवा, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या हेल्पलाइन नंबरवर त्याच दिवशी कळवा.