टायपिंगच्या कामाला लागताय? आधी टूलबार आपल्या कामाचा करून घ्या

सांगलीत विजयनगरला कलेक्टर कचेरी आणि जिल्हा न्यायालय, त्यामुळे या भागात टायपिंगच्या दुकानांना कामाची ददात नसते. जत, कवठेमहांकाळ, तासगावहून माणसं सकाळच्या एसटीने येतात आणि प्रतिज्ञापत्र, हक्कसोडपत्र, वारस नोंदीचा अर्ज त्यांना उभ्या उभ्या हवा असतो. एमएस-सीआयटी केलेली, मराठी ३० ची टायपिंग परीक्षा दिलेली मुलंमुली आमच्याकडे कामाला येतात तेव्हा बोटांना वेग असतोच. वेळ जातो तो माउस घेऊन बटण शोधण्यात. समोर पक्षकार घड्याळाकडे बघत बसलेला असताना ते शोधणं फार महागात पडतं.

म्हणून नवीन माणसाला मी पहिल्यांदा सांगते : शेजारी एक कागद ठेवा आणि ज्या कमांडसाठी दोन-तीन मेनू उघडावे लागतात ती त्यावर लिहा. सुरुवातीचे काही दिवस फक्त एवढंच, सेटिंगला हात लावायचा नाही. प्रत्येक दुकानाचा कागद वेगळा निघतो. लग्नपत्रिका करणाऱ्याला जे लागतं ते दस्त करणाऱ्याला लागत नाही. आमच्याकडे हमखास येणारी कामं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला मजकूर साधा करून पेस्ट करणं, मिळकतीच्या टेबलात ओळ वाढवणं, पान लीगल आकाराचं करणं आणि पीडीएफ काढणं. ठळक किंवा अधोरेखित करायला कंट्रोल-बी, कंट्रोल-यू हाताला बसलेलं असतं, त्याला बटणाची जागा कशाला अडवायची?

वर्डमध्ये यासाठी क्विक अ‍ॅक्सेस टूलबार आहे, म्हणजे आपल्या नेहमीच्या कमांडची बटणं मांडायची छोटी पट्टी. रिबनवरच्या, म्हणजे वरच्या रुंद पट्टीवरच्या, कुठल्याही बटणावर राइट क्लिक करून ते तिथे टाकता येतं. जे रिबनवर दिसतच नाही ते फाइल, ऑप्शन्स, क्विक अ‍ॅक्सेस टूलबार इथे जाऊन ‘कमांड्स नॉट इन द रिबन’ या यादीत शोधा. आता क्रमाकडे नीट लक्ष द्या. या टूलबारवरच्या पहिल्या बटणाला ऑल्ट-१, दुसऱ्याला ऑल्ट-२ असे शॉर्टकट आपोआप मिळतात. सगळ्यात जास्त लागणारी कमांड बाणाने वर सरकवून पहिली ठेवली, की माउसला हात लावायचं काम उरत नाही. आमच्याकडे ऑल्ट-१ म्हणजे साधा मजकूर पेस्ट.

याच टूलबारवर ऑटोटेक्स्टचं, म्हणजे जतन केलेला मजकूर पुन्हा टाकण्याचं, बटण जरूर घ्या. खरेदीखतात चतुःसीमा दर वेळी येते : पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस, आणि प्रत्येकापुढे शेजारच्या गट नंबराची मोकळी जागा. हे टेबल एकदा नीट आखा, सिलेक्ट करा आणि ऑटोटेक्स्ट गॅलरीत ‘चतुःसीमा’ नावाने जतन करा. पुढच्या दस्तात बटण उघडून नावावर क्लिक केलं की टेबल हजर. जुन्या दस्तातून कॉपी केलं तर आधीच्या माणसाचा गट नंबर चुकून राहून जायची भीती असते. मोकळ्या नमुन्यात ती राहत नाही. माझ्या मते ही एकच सोय बाकी सगळ्यांपेक्षा मोलाची आहे.

लिब्रेऑफिस रायटर हा वर्डसारखाच प्रोग्राम फुकट आहे आणि टूलबारच्या बाबतीत जास्त मोकळीक देतं. टूल्स, कस्टमाइझ, टूलबार्स इथे जाऊन आपल्या नावाचा नवा टूलबारच बनवा. मूळच्या टूलबारमध्ये ढवळाढवळ करण्यापेक्षा हे बरं, कारण नको झाला तर व्ह्यू मेनूतून लपवता येतो. डावीकडच्या यादीतून कमांड निवडायची आणि बाणाने उजवीकडे न्यायची. यादीत स्टाइल्सही असतात. ‘कलम’, ‘लिहून देणार’, ‘साक्षीदार’ अशा परिच्छेदाच्या स्टाइल बनवून त्यांचीच बटणं केली, तर इंडेंट आणि ओळींमधलं अंतर एका क्लिकमध्ये बसतं. ज्या कमांडला चिन्ह नसतं तिचं नाव बटणावर येतं, आणि मराठी नाव वाचून दाबणं नवीन माणसाला सोपंच जातं. चिन्ह हवंच असेल तर मॉडिफाय, चेंज आयकॉनमधून निवडा. तिथे आपलं स्वतःचं चित्रही इंपोर्ट करता येतं. चित्र अगदी साधं ठेवा. एखादं जाड अक्षर उठून दिसतं, बारीक नक्षी त्या आकारात पुसट होते. वर्डमध्ये मात्र या खिडकीतून बाहेरचं चित्र घेता येत नाही, त्यांनी दिलेल्या चिन्हांतूनच निवडावं लागतं.

बटणं दहा-बाराच्या पुढे नेऊ नका. त्यानंतर पुन्हा शोधाशोध सुरू होते.

ज्यांची टायपिंगची परीक्षा अजून व्हायची आहे त्यांनी मूळ मेनूतला रस्ताही पाठ ठेवावा, परीक्षेच्या मशीनवर तुमचा टूलबार नसणार. दुकानात एका कॉम्प्युटरवर दोघं बसत असाल तर विंडोजची खाती वेगळी करून घ्या, म्हणजे ज्याची मांडणी त्याच्यापाशी राहते. आणि मांडणी मनासारखी झाली की वर्डमध्ये त्याच ऑप्शन्सच्या पानावर ‘इंपोर्ट/एक्स्पोर्ट’ आहे, तिथून फाइल काढून पेनड्राइव्हवर ठेवा. रायटरसाठी लिब्रेऑफिसचं युजर प्रोफाइलचं फोल्डर कॉपी करून ठेवा. मशीन फॉरमॅटला द्यायच्या आधी हे झालेलं असू द्या.