न मिसळणाऱ्या द्रवांतील पाण्याचे गणित: या चुका टाळा

बाष्प ऊर्ध्वपातनाच्या, म्हणजे न मिसळणारा द्रव पाण्याबरोबर उकळून त्यांची वाफ थंड करून गोळा करण्याच्या, गणितात आमच्या बेळगाव भागातील विद्यार्थ्यांची जी चूक दरवर्षी जर्नलांत (प्रयोगवह्यांत) दिसते, ती म्हणजे वातावरणाचा दाब डोळे झाकून 760 मिलिमीटर धरणे. समुद्रकाठच्या कारवारला हा आकडा चालेल. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच असल्याने येथे पारा 695 मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि न मिसळणारे दोन द्रव एकत्र उकळतात ते त्यांच्या बाष्पदाबांची (प्रत्येकाच्या वाफेच्या दाबांची) बेरीज या स्थानिक दाबाइतकी झाल्यावरच.

एका विद्यार्थ्याने क्लोरोबेन्झीन व पाणी यांच्या मिश्रणाचे उकळतानाचे तापमान 88.5 अंश असे नीट नोंदवले, तक्त्यातून पाण्याचा बाष्पदाब 497 घेतला आणि तो 760 मधून वजा करून क्लोरोबेन्झीनच्या नावावर 263 मांडले. उत्तर आले वजनाने 23 टक्के पाणी. दाब कोठून आणला असे विचारताच त्याने मोबाइल पुढे केला: "सर, अ‍ॅपमध्ये 1012 हेक्टोपास्कल आहे, म्हणजे 759च झाले की." हवामानाचे अ‍ॅप सहसा समुद्रसपाटीशी जुळवून घेतलेला दाब दाखवते, हे त्याच्या गावीही नव्हते, आणि दाबमापी मात्र त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर होता. त्यावरचे 695 घेताच क्लोरोबेन्झीनचा वाटा 198 झाला. प्रत्येक दाबाला त्या द्रवाच्या रेणुभाराने गुणून, म्हणजे 497 गुणिले 18 याला 198 गुणिले 112.5 ने भागल्यावर 0.40 आले, म्हणजे पाणी 28.7 टक्के. तेव्हापासून दाबमापीचा आकडा जर्नलच्या पहिल्या ओळीत लिहिल्याखेरीज मी कोणालाही बर्नर पेटवू देत नाही.

हे 0.40 पाहून 40 टक्के लिहिणारेही भेटतात; ते पाण्याचे क्लोरोबेन्झीनशी गुणोत्तर आहे, एकूण मिश्रणाशी नव्हे. रेणुभाराने गुणायचे विसरणाऱ्यांविषयी काही बोलण्यासारखे नाही.

सूत्र घोकून येणारे फ्लास्कमधील मोल-अंशाने (एकूण रेणूंतील त्या द्रवाच्या वाट्याने) बाष्पदाबाला गुणतात. राऊल्टचा तो नियम एकमेकांत मिसळणाऱ्या द्रवांसाठी आहे. येथे दोन्ही द्रव शिल्लक असेपर्यंत फ्लास्कमध्ये पाणी दुप्पट ओतले तरी बाष्पातील प्रमाण बदलत नाही.

गोळा झालेल्या द्रवाच्या दोन थरांत पाणी नेहमी खालीच असते, हा समज टोल्युइनसारख्या पाण्यापेक्षा हलक्या द्रवांपुरता खरा आहे. क्लोरोबेन्झीन पाण्यापेक्षा जड असल्याने तेथे पाणी वर राहते. शंका असल्यास पाण्याचा एक थेंब सोडून तो कोणत्या थरात मिसळतो ते मी पाहतो. थर गढूळ असताना घाईने घेतलेले माप मी तपासत नाही. दोन्ही थर स्वच्छ झाल्यावर, काचेला चिकटलेले थेंबही खाली आल्यावर, थरांच्या मापाचे वाचन घ्यावे.