प्लगइनच्या साहाय्याने थीममध्ये रिस्पॉन्सिव्ह व्हिडिओ बसवणे

यूट्यूबच्या एम्बेड कोडमध्ये (व्हिडिओ आपल्या पानात बसवण्यासाठी मिळणाऱ्या कोडमध्ये) सहसा रुंदी ५६० आणि उंची ३१५ पिक्सेल अशी लिहिलेली असते. संगणकावर हा व्हिडिओ नीट दिसतो. पण ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर तो चौकटीबाहेर जातो आणि अख्खे पान आडवे सरकू लागते. रुंदी शंभर टक्के केली तरी उंची ३१५ वरच अडून राहते, त्यामुळे चित्राच्या वर-खाली काळे पट्टे येतात. सांभाळायचे असते ते दोहोंचे गुणोत्तर, आणि प्लगइन, म्हणजे संकेतस्थळाला जोडायचा छोटा प्रोग्राम, नेमके तेच करतो.

वर्डप्रेस वापरत असाल, तर आधी थीम, म्हणजे संकेतस्थळाचा दर्शनी साचा, तपासावी. ५.० या आवृत्तीपासून (२०१८) थीमला रिस्पॉन्सिव्ह एम्बेडची, म्हणजे पडद्याच्या रुंदीनुसार व्हिडिओ लहान-मोठा होण्याची, सोय स्वतःच चालू करता येते. वर्डप्रेसच्या ब्लॉक एडिटरमध्ये व्हिडिओचा नुसता पत्ता चिकटवून पान प्रकाशित करावे आणि ब्राउझरची खिडकी अरुंद करून पाहावी. व्हिडिओ प्रमाणात लहान होत असेल, तर प्लगइनची गरज नाही. उगाच दोन्ही यंत्रणा एकत्र चालवल्या, तर कधीकधी व्हिडिओखाली मोठी रिकामी जागा उरते.

थीम जुनी असेल, तर 'फिटविड्स' या व्हिडिओ प्रमाणात बसवणाऱ्या कोडवर आधारलेले प्लगइन पुरेसे आहे. ते स्थापित व सक्रिय केल्यावर सेटिंग्जमध्ये सिलेक्टर, म्हणजे लेखाचा मजकूर ज्या घटकात असतो त्याचा क्लास (कोडमध्ये त्या घटकाला दिलेले नाव), लिहावा लागतो. बहुतेकांचे काम इथेच अडते, कारण हे नाव प्रत्येक थीममध्ये वेगळे असते. व्हिडिओच्या शेजारच्या परिच्छेदावर उजवी क्लिक करून 'इन्स्पेक्ट' निवडावे, त्या परिच्छेदाला वेढणाऱ्या घटकाचा क्लास पाहावा आणि आधी टिंब देऊन तो जसाच्या तसा लिहावा. टिंब राहिले, तर काहीच घडत नाही आणि चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही.

एम्बेड कोडमधील रुंदी-उंचीचे आकडे मात्र पुसू नयेत. प्लगइन ३१५ ला ५६० ने भागून ५६.२५ टक्के हे प्रमाण काढते आणि व्हिडिओभोवतीच्या आवरणाला तेवढी जागा देते. उभ्या व्हिडिओचे आकडे चुकीचे असतील, तर चौकटही चुकीचीच बनेल. व्हिडिओ आता उपलब्ध रुंदी पूर्ण व्यापत असल्यामुळे रुंद पानावर तो अवाढव्य वाटू शकतो. अशा वेळी बाहेरच्या घटकाला कमाल रुंदीची मर्यादा घालावी. बदल दिसला नाही, तर सेटिंग्ज पुन्हा चाळण्याआधी कॅशे, म्हणजे पानाची साठवून ठेवलेली जुनी प्रत, रिकामी करावी.