द्राक्षात गोडी (ऑक्टोबरच्या) छाटणीनंतर जीए: पोपटी घडाला किती, कधी, कसं

भाताचं रोप उगाच उंच, फिकट वाढून मरतं, त्या रोगाला जपानी शेतकरी ‘बाकानाए’, म्हणजे वेडं रोप म्हणतात. १९२६ साली कुरोसावा यांनी दाखवलं, की रोगाची बुरशी ज्या द्रवात वाढवली तो गाळून नुसता दिला तरी रोपं तशीच वाढतात. त्या द्रवातलं द्रव्य म्हणजे जिबरेलिन. द्राक्षावर आपण मारतो ते जीए, म्हणजे जिबरेलिक आम्ल, आजही त्याच बुरशीपासून, टाक्यांत आंबवून काढतात.

थॉम्पसन, तास-ए-गणेश या जातींमध्ये पहिली फवारणी १० पीपीएमची (दहा लाख भागांत १० भाग), दुसरी चार-पाच दिवसांनी १५ ची. छाटणीपासूनचे दिवस मोजून पंप काढू नका. थंडीत फूट मागे राहते, तेव्हा पाच पानं आणि पोपटी घड दिसला तरच. त्याआधी, ढगाळ हवेत घाई केली तर घड जिरण्याची, म्हणजे घडाची बाळी (वेलीचा ताणा) होण्याची भीती.

१० पीपीएम म्हणजे १०० लिटरला १ ग्रॅम शुद्ध जीए. पुडी ९० टक्क्यांची असेल तर १.१ ग्रॅम लागतं, पण एवढं वजन दुकानाच्या काट्यावर होत नाही. म्हणून ५ ग्रॅमची अख्खी पुडी अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवून द्रावण २२५ मिली करा. त्यातलं ५० मिली १०० लिटरला घातलं की १० पीपीएम, ७५ मिलीला १५. काचेचं भांडं घ्या, विडी-काडी लांब ठेवा आणि द्रावण पूर्ण नितळ होईपर्यंत ढवळा. पावडर सरळ पाण्यात टाकली तर पांढरे कण तरंगतात; मग एका ओळीला जास्त, दुसरीला काहीच नाही.

४० टक्क्यांचं पाण्यात विरघळणारं असेल तर १०० लिटरला २.५ ग्रॅम. ०.००१ टक्क्याची बाटली मात्र या कामाची नाही. तो द्रव मुळातच १० पीपीएमचा. टाकीत ओतल्यावर उरणार काय?

विहिरीचं पाणी बहुधा अल्कधर्मी असतं आणि त्यात जीए लवकर बाद होतं. आधी पाण्यात थोडं थोडं सायट्रिक आम्ल घालत पट्टीवर सामू (पीएच) ५.५ ते ६.५ आणा, जीए त्यानंतर. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) सोबत नको. टाकीतलं त्याच दिवशी संपवा. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर फवारा, पान सावकाश वाळलं तर शोषण चांगलं होतं.

मण्यांसाठी डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणं: मणी ३-४ मिमीचा असताना ४० पीपीएम, ६-७ मिमीला ३०. रंगीत आणि मुळातच लांब मण्यांच्या जातींना हे आकडे लावू नका. जोमदार वेलीला कमी द्या. मात्रा वाढली की दांडा जाड, कडक होतो, काढणीनंतर मणी गळतात. आणि एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, काडीत घड बनत असताना, जीए अजिबात नको. घडाच्या जागी बाळी निघते.