प्राथमिक शाळेचे ग्रंथालय: सुरुवात कपाटाच्या किल्लीपासून

अनेक मराठी प्राथमिक शाळांमध्ये पुस्तके असतात, पण ती मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात असतात आणि कपाटाला कुलूप असते. यात शिक्षकांचा आळस क्वचितच असतो. बहुतेक वेळा असते ती भीती. प्रत्येक पुस्तक नोंदवहीत चढलेले असते, बदली झाली की कार्यभार सोपवताना ते मोजून द्यावे लागते आणि चार पुस्तके कमी भरली तर उत्तर कोण देणार, हा प्रश्न खरा असतो. माझ्या नोकरीच्या पहिल्या शाळेत कपाटातली पुस्तके अगदी कोरी करकरीत होती आणि चौथीतल्या निम्म्या मुलांना सलग एक पान वाचता येत नव्हते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे मला फार उशिरा कळले. म्हणून प्राथमिक शाळेचे ग्रंथालय चालवू पाहणाऱ्या शिक्षकाने पुस्तकखरेदीच्या आधी या भीतीचा बंदोबस्त करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

त्याचा मार्ग कागदावरचाच आहे. वर्षाच्या सुरुवातीला शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय घ्यावा, मुलांच्या रोजच्या वापरात काही पुस्तके फाटतील व काही हरवतील हे स्पष्ट मांडावे आणि तसा ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. वर्षअखेरीस फाटलेल्या व हरवलेल्या पुस्तकांची यादी समितीपुढे ठेवून निर्लेखनाची, म्हणजे ती नोंदवहीतून कमी करण्याची, रीतसर प्रक्रिया करावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरची पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. कुलूपबंद कपाटाने ही अपेक्षा पुरी होत नाही, हे समितीला समजावून सांगता येते. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यातला पहिलाच ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ असा आहे, आणि तो समजावताना त्यांनी युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांत पुस्तके साखळीने बांधून ठेवत असत याची आठवण दिली आहे.

कपाट उघडल्यावर पुस्तकांची निवड करावी. मोठ्यांसाठीचे वैचारिक ग्रंथ, जुनी शासकीय प्रकाशने आणि बारीक टायपातली चरित्रे बाजूला काढली की मुलांची म्हणता येतील अशी पुस्तके किती उरतात ते दिसते. दोनशे उरली तरी काम सुरू करता येते. त्यांची विभागणी विषयवार न करता वाचनाच्या पायरीनुसार करावी आणि पाठीवर रंगीत चिकटपट्टी लावावी: केवळ चित्रे किंवा पानावर एक-दोन शब्द असलेली पुस्तके एका रंगाची, मोठ्या टायपातली आणि शक्यतो जोडाक्षरे नसलेली छोटी वाक्ये असलेली दुसऱ्या, चित्रांसह परिच्छेद असलेली तिसऱ्या आणि सलग मजकुराची चौथ्या. मात्र कोणत्या मुलाने कोणता रंग घ्यावा याची सक्ती करू नये. पाचवीतल्या मुलाला चित्रांचे पुस्तक हवे असेल तर ते त्याला मिळाले पाहिजे, कारण वाचनात मागे पडलेले मूल वर्गासमोर खालच्या रंगाकडे ढकलले गेले की पुस्तकाकडेच पाठ फिरवते.

पुस्तके वर्गात, मुलांच्या हाताच्या उंचीवर आणि मुखपृष्ठ समोर दिसेल अशी असावीत, कारण लहान मूल पाठीवरचे नाव वाचून पुस्तक निवडत नाही, चित्र पाहून निवडते. भिंतीला दोन खिळे ठोकून दोरी बांधावी आणि तिच्यावर पुस्तके मधोमध उघडून टांगावीत. एवढ्याने काम भागते. सगळी पुस्तके एकदम बाहेर न काढता चाळीस-पन्नास मांडावीत आणि दर पंधरवड्याला बदलावीत.

प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचे स्वतंत्र पद नसते, त्यामुळे देवघेव मुलांनीच सांभाळावी. तिसरी-चौथीतली दोन मुले महिनाभर बालग्रंथपाल नेमावीत आणि दर महिन्याला जोडी बदलावी. हुशार मानल्या गेलेल्या मुलांनाच हे काम देण्याचा मोह टाळावा. वहीत चार रकाने पुरतात: तारीख, मुलाचे नाव, पुस्तकाचे नाव आणि परत केल्याची खूण.

आता सर्वांत महत्त्वाच्या कामाकडे येतो. पुस्तके हाताशी असली म्हणजे मुले आपोआप वाचतात, असे होत नाही. शिक्षकाने रोज, अगदी रोज, दहा-पंधरा मिनिटे मुलांना पुस्तकातून वाचून दाखवावे. परिपाठानंतरची वेळ यासाठी चांगली, कारण दुपारनंतर मुले आणि शिक्षक दोघेही थकलेले असतात. पुस्तक आधी स्वतः वाचून यावे. मुखपृष्ठ दाखवून आत काय असेल ते विचारावे, लेखकाचे आणि चित्रकाराचे नाव सांगावे, चित्र सगळ्यांना दिसेल असे पुस्तक धरावे आणि गोष्ट पुस्तकातल्याच शब्दांत वाचावी. तोंडी गोष्ट सांगणे ही वेगळी आणि मोलाची कला आहे, गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी तिचे महत्त्व आपल्याला शिकवले. पण छापील शब्दांतूनच हा आनंद निघतो आहे, हे मुलाला कळायचे असेल तर बोट ओळीवरून फिरताना त्याला दिसले पाहिजे. गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारू नये. ‘तुला कोण आवडले?’, ‘तू असतास तर काय केले असतेस?’ एवढेच विचारावे आणि कोणी बोलले नाही तर गप्प बसावे. वाचून झालेले पुस्तक लगेच दोरीवर लावावे. त्या दिवशी त्यासाठीच भांडणे होतात, असा माझा अनुभव आहे.

पहिली-दुसरीत भाषेचाही विचार हवा. वारली, कोरकू, गोंडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या घरातून आलेल्या मुलाला पुस्तकातली प्रमाण मराठी परकी वाटते. त्याला चित्रावर स्वतःच्या बोलीत बोलू द्यावे, त्याचे वाक्य शिक्षकाने मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवावे, खाली मुलाने चित्र काढावे आणि अशी आठ-दहा पाने दोऱ्याने शिवून ते पुस्तक नोंदवहीत क्रमांक देऊन दाखल करावे. गावातल्या आजीने सांगितलेल्या गोष्टीही अशाच जमतात.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. वाचलेल्या पुस्तकाचा सारांश लिहायला लावला की मुले सर्वांत पातळ पुस्तक शोधतात. सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्याला बक्षीस ठेवले की पाने उलटली जातात, वाचली जात नाहीत. पुस्तक फाटले म्हणून दंड केला तर ते मूल पुन्हा पुस्तक नेत नाही आणि त्याच्या शेजारी बसणारेही नेत नाही. फाटलेले पान चिकटवायला त्या मुलालाच आपल्याबरोबर बसवावे. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन जरूर साजरा करावा, पण १६ ऑक्टोबरला पुस्तके दोरीवरच असली पाहिजेत.

शनिवारी सकाळची शाळा सुटताना प्रत्येक मुलाने एक पुस्तक घरी न्यावे आणि सोमवारी परत आणावे. पालकांना वाचता येत नसेल तर मुलाने त्यांना चित्रांवरून गोष्ट सांगावी, हे पालकसभेत आधीच सांगून ठेवावे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली मुले दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या पिशवीत चार-पाच पुस्तके अवश्य द्यावीत. त्यातली काही परत येणार नाहीत. समितीचा तो ठराव अशाच पुस्तकांसाठी आहे.

नवी पुस्तके घेताना गठ्ठ्याने येणारा संच डोळे मिटून घेऊ नये. दुकानात बसून, पुस्तक उघडून, एक पान मोठ्याने वाचून पाहावे. नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन आणि प्रथम बुक्स यांची लहान मुलांसाठीची पुस्तके पाहावीत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते, त्याची वर्गणी भरावी. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरची मराठी पुस्तके विनामूल्य छापून घेता येतात. गावात सार्वजनिक वाचनालय असेल तर तिथल्या बालविभागातून तीस-चाळीस पुस्तके महिनाभरासाठी मिळतील का, ते विचारावे.

पावसाळ्यात पुस्तके भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत, ऊन पडले की वाळवावीत, कसर व वाळवी तपासावी; डांबरगोळ्या मुलांच्या हाती लागतील अशा ठेवू नयेत, कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरतो.

एप्रिलमध्ये देवघेवीची वही घेऊन बसावे. वर्षभरात एकदाही बाहेर न गेलेली पुस्तके वेगळी काढून जूनमध्ये ती आपण वाचून दाखवावीत. तरीही कोणी मागितली नाहीत, तर ती त्या मुलांची पुस्तके नव्हेत असे समजावे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना वेळच वेळ असतो आणि नेमके तेव्हाच कपाट दीड महिना बंद राहते. तेव्हा निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तकाबरोबर प्रत्येक मुलाच्या हाती तीन पुस्तके द्यावीत आणि कपाटाची किल्ली शाळेजवळ राहणाऱ्या एखाद्या पालकाकडे ठेवून, आठवड्यातून एका सकाळी ती बदलून मिळतील, असे मुलांना सांगावे.