आखाडातला शेवटचा रविवार: भटारखान्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

बेळगाव परिसरातल्या मांसाहारी हॉटेलांत वर्षातला सर्वांत गर्दीचा दिवस कोणता, असे विचारले तर बरेच आचारी आखाडातल्या शेवटच्या रविवारचे नाव घेतील. श्रावण तोंडावर आलेला असतो, महिनाभर मटण-मासे बंद होणार म्हणून घरची घरे बाहेर जेवायला निघतात आणि पावसाळी सहलीला आंबोली किंवा चोर्ला घाटाकडे गेलेली मंडळी परतीच्या वाटेवर दुपारी उशिरा येऊन टेकतात. खानापूर, निपाणी, चंदगड या भागांतून हॉटेलच्या कामाला येऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी मी या एका दिवसाची तयारी लिहून काढत आहे. भटारखान्याचे खरे शिक्षण सकाळी सात ते साडेअकराच्या दरम्यान होते, असे माझे ठाम मत आहे. त्यानंतर भट्टीसमोर जे चालते ते या साडेचार तासांत काय झाले आणि काय राहिले यावरच अवलंबून असते.

नव्या माणसाचे सारे लक्ष चाकूकडे असते. चाकूचा वेग सरावाने येतोच, पण कोणते काम आधी धरायचे हे ज्याला कळत नाही, त्याचा वेग फुकट जातो. आपल्या हाताला किती वेळ लागतो आणि पदार्थ स्वतःहून किती वेळ घेतो, हे दोन हिशेब वेगळे ठेवावेत. कांदा चिरायला आणखी दोन माणसे बसवता येतात, मात्र मटण शिजायला, छोले भिजायला आणि तंदूरसाठी मळलेला मैदा विसावायला जो वेळ लागतो तो माणसे वाढवून कमी होत नाही. म्हणून सकाळी आल्याबरोबर पाट आणि चाकू घेऊन बसू नये. ज्यांना आपली गरज नसून वेळेची गरज आहे, ती कामे आधी मार्गी लावावीत.

आमच्याकडे सकाळी शेगडीवर पहिले चढते ते अळणीचे पातेले. मटण हळद, मीठ आणि आले-लसणाबरोबर शिजवून जे पाणी निघते त्यावर पुढचे दोन्ही रस्से उभे राहतात: त्यातले काही तांबड्यासाठी वेगळे काढायचे आणि काही काजू, तीळ, खसखस यांचे वाटण व नारळाचे दूध घालून पांढऱ्यासाठी ठेवायचे. मटण कोवळे असेल तर तासाभरात शिजते, जून असेल तर दीड तासही पुरत नाही, आणि हे पातेले उतरल्याशिवाय कोणत्याही रश्श्याला हात घालता येत नाही. नारळाचे दूध मात्र अगदी शेवटी आणि मंद आचेवर घालावे लागते. जोराची उकळी आली की पांढरा रस्सा फाटतो आणि फाटलेला रस्सा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

अळणी शिजत असताना मिरची बघावी. या भागात रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी वापरण्याची रीत आहे. ब्याडगी हावेरी जिल्ह्यातून येते, संकेश्वर तर आपल्याच हुक्केरी तालुक्यात आहे. ब्याडगीची देठे काढून, बिया झटकून ती गरम पाण्यात भिजवली की अर्ध्या-पाऊण तासात तिची सुरकुतलेली साल फुगते आणि बोटांत दाबल्यावर गर सालीपासून सुटा होतो. त्या वेळी ती वाटली तर वाटण लोण्यासारखे होते. घाईने आधीच वाटली तर सालीचे तुकडे राहतात, ते रश्श्यावर तरंगतात आणि ग्राहकाच्या घशाला लागतात. वाटण परतताना घड्याळ पाहू नये, पातेल्याची कड पाहावी. कडेने तेल सुटू लागले, कच्च्या लसणाचा वास गेला आणि उलथने फिरवल्यावर मसाला तळ सोडू लागला की तो झाला असे समजावे. नव्या मुलांनी महिनाभर दुसरे काही न शिकता एवढी एक गोष्ट डोळ्यांत भरून घेतली तरी चालेल.

तंदूर विभागाबद्दल थोडक्यात सांगतो. कोंबडीला आधी मीठ, लिंबू आणि आले-लसूण लावून अर्धा तास ठेवतात आणि मग दह्याचे मॅरिनेशन देऊन काही तास फ्रिजमध्ये मुरू देतात. लिंबू लावून फार वेळ ठेवल्यास मांसाचा पोत बिघडतो. कोळशाचा तंदूर तापायला सुमारे तास लागतो, त्यामुळे तो पेटवण्याची वेळ ठरलेली असावी.

भाजीपाल्याचे काम पावसाळ्यात दुप्पट होते. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांत माती असते, ती दोन-तीन पाण्यांतून काढावी लागते आणि धुतलेला पाला नीट निथळला नाही तर दुपारपर्यंत काळा पडतो. बिरयाणीसाठी तळायचा कांदा एकसारख्या जाडीचा चिरावा, कारण जाड-बारीक मिसळ असेल तर एक करपतो आणि दुसरा कच्चा राहतो. तळल्यावर एक किलो कांद्याचा जेमतेम पाव किलोच्या आसपास माल हाती येतो, हे मागणी लिहितानाच ध्यानात धरावे. कांदा किंचित फिकट असतानाच झाऱ्याने काढावा, कारण काढल्यावरही तो स्वतःच्या उष्णतेने गडद होत राहतो.

या दिवसाचा सर्वांत अवघड प्रश्न किती करायचे हा असतो. कमी पडले तर दारात उभे असलेले ग्राहक परत जातात. जास्त झाले तर श्रावण लागल्यावर तो माल खपवायला गिऱ्हाईक नसते. म्हणून आमच्याकडे गेल्या वर्षांच्या याच रविवारची वही काढून बसतात. किती ताटे गेली, कोणता पदार्थ किती वाजता संपला, पाऊस होता की उघडीप, हे सारे तिच्यात असते. कच्चे मटण, मॅरिनेशन आणि वाटण टप्प्याटप्प्याने करावे आणि दुसरा टप्पा दुपारी दीडची गर्दी बघून मगच हाती घ्यावा. माझ्या मते हॉटेलातील सर्वांत मोलाची वस्तू ही वही आहे, आणि नव्या माणसाने ती वाचायला मागण्यात संकोच करू नये.

आता जी गोष्ट गर्दीच्या दिवशी सर्वांत आधी बाजूला पडते तिच्याविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. शिजवलेले अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान रेंगाळले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि मोठ्या पातेल्यातील ग्रेव्ही वरून कोमट लागली तरी मध्यभागी कितीतरी वेळ गरम राहते. असे पातेले जसेच्या तसे फ्रिजमध्ये सरकवल्याने ग्रेव्ही तर लवकर निवत नाहीच, शेजारचे दूध आणि मॅरिनेशनही तापते. ती उथळ परातींत ओतावी, परात बर्फाच्या पाण्यावर ठेवून ढवळत राहावे आणि निवल्यावर डब्यांत भरून झाकणावर पदार्थाचे नाव, तारीख व वेळ लिहावी. कच्च्या मांसाचा पाट, चाकू आणि फडके भाजीच्या कामाला कधीही वापरू नये, मग बाहेर कितीही ऑर्डरी अडलेल्या असोत. आपल्या हातचे जेवण लहान मुले आणि म्हातारी माणसेही खाणार असतात.

कामावर येण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस करून घ्यावी. अन्न हाताळणाऱ्यांसाठी अन्नसुरक्षेच्या नियमांत या दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत आणि तपासणी दरवर्षी करावी लागते. पायात मागून बंद आणि न घसरणारी पादत्राणे असावीत. मराठीबरोबर कामापुरती कन्नड यावी, कारण गरम पातेले घेऊन पाठीमागून येणारा सहकारी ‘बिसी, बिसी’ म्हणत आला तर तुम्ही लगेच बाजूला व्हायला हवे. पहिल्या आठवड्यात शेगडीवर उभे राहण्याचा हट्ट धरू नये. अकरा वाजता वस्ताद प्रत्येक काउंटरवरचे डबे उघडून चव घेत फिरतात तेव्हा त्यांच्याबरोबर फिरावे, त्यांनी कशात मीठ घालायला सांगितले आणि कोणता डबा परत पाठवला ते पाहावे, आणि त्याच दिवशी संध्याकाळी ते आपल्या वहीत लिहून ठेवावे.